'इन्ट्रिन्सिकली सेफ'ला मराठीत काय म्हणावं?

आरोही: वायू ओळखणाऱ्या सेन्सरची पुस्तिका मराठीत आणते आहे. स्फोटक वातावरणात बसवण्याआधी तो इन्ट्रिन्सिकली सेफ आहे का हे पडताळा, या वाक्यावर अडले. मी 'अंगभूत सुरक्षित' लिहिलं. संपादक 'स्फोटरोधक' करा म्हणतात.

तंत्रस्नेही: 'स्फोटरोधक' अजिबात नको! त्यावरून वाचणाऱ्याला फ्लेमप्रूफ पेटी वाटेल. तिच्या आत स्फोट झाला तरी ज्वाळा बाहेर पडत नाही, म्हणून चालू वीज असताना तिचं झाकण उघडायचं नसतं. इन्ट्रिन्सिकली सेफ उपकरणात मुळात ठिणगीच दुबळी ठेवतात. हायड्रोजन पेटायला ०.०२ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, त्याच्याही खाली राहायचं.

शब्दवेडा: मग 'ऊर्जामर्यादित' म्हणा. 'अंगभूत' गुणाला शोभतं, यंत्राला नाही.

तंत्रस्नेही: माझाही 'अंगभूत'ला विरोध आहे, पण कारण वेगळं. सुरक्षितता एकट्या सेन्सरच्या अंगात नसते. बिघाड झाल्यावर बॅरियरमधून, म्हणजे सेन्सरकडे जाणारी वीज मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणातून, जास्तीत जास्त जेवढं व्होल्टेज, करंट आणि पॉवर सुटेल, तेवढं सेन्सरला झेपलं पाहिजे. शिवाय सेन्सर आणि केबल यांच्या कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची) बेरीज बॅरियरवर छापलेल्या मर्यादेत बसली पाहिजे. इंडक्टन्सचंही (चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवण्याच्या गुणाचंही) तेच. केबल लांबवली की हिशेब पुन्हा करायचा. सेन्सरवर 'आयए' ही इन्ट्रिन्सिकली सेफची खूण छापलीय म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

जुनी पाटी: म्हणजे 'पडताळणी' अगदी चपखल. गणिताचा ताळा करतात, तोच 'ताळा' मला त्यात दिसतो. 'तपासणी' लिहिलंत तर लोक नुसती नजर फिरवतील.

शब्दवेडा: व्युत्पत्तीला आधार द्या.

जुनी पाटी: आधार नाही, कान सांगतो. ठिणगीचं म्हणाल, तर जुन्या ब्रिटिश कोळसा खाणींत दोन उघड्या तारा टेकवून घंटा वाजवत. वेल्समधल्या सेंगेनिडच्या खाणीत १९१३ साली स्फोटात ४३९ कामगार गेले, तेव्हा विजेच्या घंटेच्या ठिणगीवरही संशय होता.

मुग्धा_भा: आम्ही दिवसभर 'आयएस लूप' म्हणतो, म्हणजे इन्ट्रिन्सिकली सेफ सर्किट. पुस्तिकेत तेच ठेवा, खाली एका ओळीत अर्थ द्या. माणसाच्या जिवाशी गाठ आहे, शब्द ओळखीचा हवा.

शब्दवेडा: 'लूप' कशाला? 'परिपथ' आहे की.

जुनी पाटी: परिपथ? आम्ही शाळेत 'विद्युतमंडल' शिकलो.

आरोही: पण मग 'अंगभूत' ठेवू की काढू?

शब्दवेडा: मंडल म्हटलं की कार्यालय आठवतं हो.