प्री-सीझनमधून मोसम कळतो का? बडोद्याच्या लिव्हरपूलप्रेमींचे अनुभव

दरवर्षी जुलै उजाडला की आपल्यात एकच वाद पेटतो. लिव्हरपूल या आपल्या इंग्लिश फुटबॉल क्लबचे मोसमापूर्वीचे (प्री-सीझन) सराव शिबिर सुरू होते, मैत्रीपूर्ण सामन्यांचे निकाल येऊ लागतात, आणि त्या निकालांवरून मे महिन्यातला विजेता ठरवणारे व हे सामने मोजायचेच नसतात असे ठासून सांगणारे असे दोन तट पडतात. यंदा, म्हणजे २०२५ च्या जुलैत, वादाला धार जास्त होती. गेल्या मोसमात ८४ गुणांसह आपण विसावे लीग विजेतेपद मिळवले. पण त्या संघातला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड रिअल माद्रिदला गेला, लुईस दियाझ बायर्नला गेला, आणि विर्ट्झ, फ्रिम्पाँग, केर्केझ, एकिटिके हे चौघे पहिल्या अकरात जागा मागत दाखल झाले. २६ जुलैला हाँगकाँगमध्ये मिलानने ४-२ असे हरवले, तर ३० जुलैला योकोहामात आपण ३-१ जिंकलो. चार दिवसांत चाहत्यांची मते दोनदा फिरली.

म्हणून बडोद्यातल्या आणि बडोद्याहून बाहेर गेलेल्या जुन्या चाहत्यांना विनंती केली होती की भाकिते तूर्त बाजूला ठेवा. एखाद्या प्री-सीझनमध्ये तुम्ही नेमके काय पाहिले आणि पुढे त्याचे काय झाले, तेवढे लिहा. माझ्यापुरते सांगायचे तर गोलफलकाला मी फारशी किंमत देत नाही, पण मैदानावर कोण कुठे उभा आहे हे बारकाईने पाहतो. खालचे अनुभव २०२५-२६ चा मोसम सुरू होण्याआधी लिहिलेले आहेत, प्रत्येकावर लिहिणाऱ्याच्या वस्तीचे नाव आहे, आणि सगळेच या मताशी जुळत नाहीत.

दांडिया बाजार

मला २०१९ चा जुलै आठवतो. नुकतीच माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकलेली होती आणि घरात उत्साह होता. अमेरिकेतले सामने आपल्याकडे पहाटे दिसत; आमचे आजोबा त्या वेळी उठलेलेच असत, त्यामुळे चहा घेत आम्ही दोघे बसत असू. डॉर्टमुंडकडून ३-२, सेव्हियाकडून २-१, मग स्पोर्टिंगशी २-२ बरोबरी आणि एडिनबरोत नापोलीकडून ३-० असा मार खाल्ल्यावर आमच्या गल्लीतल्या जाणत्यांनीही संघाची धार गेली असे जाहीर केले. आजोबांचा प्रश्न मात्र साधा होता: आज खेळले कोण? आघाडीचे सालाह आणि माने आफ्रिकन स्पर्धेहून परतलेले नव्हते, तिसरा आघाडीवीर फिर्मिनो आणि गोलरक्षक आलिसन ब्राझीलसाठी कोपा अमेरिका जिंकून सुट्टीवर होते. जे मैदानावर नव्हतेच त्यांच्या धारेबद्दल निर्णय कसा द्यायचा? तो मोसम ९९ गुणांवर संपला आणि तीस वर्षांनी लीग घरी आली. तेव्हापासून सामना सुरू होण्याआधी मी खेळाडूंची यादी वाचतो.

प्रतापनगर

मी शाळेच्या आणि पुढे रेल्वे वसाहतीतल्या मुलांना बरीच वर्षे फुटबॉल शिकवले आहे, त्यामुळे शिबिराकडे मी निकालाच्या नव्हे तर पायांच्या बाजूने पाहतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत खेळाडूंकडून दिवसातून दोनदा मेहनत करून घेतली जाते आणि सामने त्या मेहनतीच्या मध्येच येतात. सामन्यासाठी विश्रांती देण्याची पद्धत तेव्हा नसते, उलट सामना हाच सरावाचा एक भाग असतो. पाय जड झाले की काय होते ते मी पावसाळ्यात पोलो मैदानावर जवळून पाहिले आहे: चांगल्या मुलाचाही पहिला स्पर्श हातभर लांब जातो, पास अर्ध्या पावलाने मागे पडतो, आणि बचावपटू वळतो तेव्हा त्याचा मागचा पाय चिखलातून सुटायला क्षणभर उशीर होतो. इंग्लंडच्या खेळाडूंचे मैदान गालिच्यासारखे असते, पण जडपणा तोच असतो.

म्हणून मी तीन गोष्टी पाहतो. चेंडू गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत किती जण त्याच्यामागे धावतात; बचाव फळी आणि मधली फळी यांच्यात किती अंतर राहते; आणि गोल खाल्ल्यावर कोण कोणाशी बोलतो. यातली पहिली गोष्ट दमलेल्या पायांनी बिघडते आणि ऑगस्टअखेर बहुधा सुधारते. दुसरी मात्र शिकवणुकीची आहे. ती जुलैत चुकत असेल तर प्रशिक्षकाला काम आहे असे समजावे. मिलानविरुद्ध मला हे अंतर फार मोठे दिसले, आणि त्याचा दोष मी थकव्यावर टाकणार नाही.

फतेहगंज

प्रतापनगरच्या काकांचे म्हणणे पटते, पण विजयही तितकेच फसवे असतात, हे २०२२ साली आम्ही सगळ्या मैत्रिणींनी अनुभवले. बँकॉकमध्ये मँचेस्टर युनायटेडकडून ४-० हरल्याचे दुःख दार्विन नुन्येझने लाइपझिगविरुद्ध एकट्याने चार गोल करून पुसून टाकले, आणि ३० जुलैला कम्युनिटी शील्डमध्ये मँचेस्टर सिटीला ३-१ हरवल्यावर हे वर्ष आपलेच असे सगळीकडे बोलले जाऊ लागले. मग फुलहॅमशी २-२ बरोबरी झाली, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याच नुन्येझला लाल कार्ड मिळाले, आणि मोसमाअखेर आपण ६७ गुणांसह पाचवे होतो. त्या शिबिराने आम्हाला नवा गोल करणारा दाखवला. मधल्या फळीचे वय मात्र त्या विजयांच्या गर्दीत कोणी पाहिले नाही. पुढच्या उन्हाळ्यात हेंडरसन आणि फाबिन्यो दोघेही गेले व ती फळी जवळजवळ नव्याने उभी करावी लागली, म्हणजे दुखणे खरे होते आणि ते जुने होते.

वाडी

थोडक्यात लिहितो. माझे मेहुणे चेल्सीचे आहेत. २०१५ च्या जुलैत त्यांचा संघ लीगचा विजेता म्हणून अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्क रेड बुल्सकडून ४-२ हरला. घरात कोणी मनावर घेतले नाही. डिसेंबरात प्रशिक्षक मोरिन्योंना जावे लागले आणि विजेता संघ दहावा आला. आपणही २०२५ चे विजेते आहोत, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटले.

मांजलपूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझा अनुभव एका गुडघ्याचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध आपला मधला बचावपटू व्हान डाइकच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. जुलै २०२१ च्या अखेरीस इन्सब्रुकमध्ये हर्टा बर्लिनविरुद्ध तो उत्तरार्धात मैदानात आला. तो सामना आपण ४-३ हरलो, पण मी गोल पाहतच नव्हते. माझे लक्ष तो डावीकडे कसा वळतो, उडी मारल्यावर कोणत्या पायावर उतरतो आणि अंगावर कोणी आले तर पाय आखडता घेतो का, यावर होते. अशा शस्त्रक्रियेनंतर ताकद आधी परतते, भरवसा नंतर. आणि तो भरवसा शेवटी सामन्यातच मिळवावा लागतो. म्हणूनच मैत्रीपूर्ण सामन्यांचे मोल मी कमी मानत नाही. त्या मोसमात आपण ९२ गुण मिळवले, देशातले दोन्ही चषक जिंकले, आणि हा माणूस जवळजवळ सगळे खेळला.

यंदाची माझी काळजीही तिथेच आहे. बचावपटू क्वान्साला लेव्हरकुसेनला विकले, दुसरा बचावपटू जो गोमेझ दुखापतीमुळे दौऱ्यातून परतला. व्हान डाइक जुलै २०२५ मध्ये ३४ वर्षांचा झाला. व्हान डाइक आणि कोनाते यांच्यापैकी एकाचा स्नायू ताणला गेला तर मधल्या बचावात उभे कोण राहणार, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

कारेलीबाग

मोसमाच्या शक्यतेची चर्चा करताना ३ जुलैची बातमी वगळता येणार नाही. आपला आघाडीवीर दिओगो जोता आणि त्याचा भाऊ स्पेनमधल्या अपघातात गेले. क्लबसाठी १८२ सामन्यांत ६५ गोल करणारा, बदली म्हणून उतरूनही सामना फिरवणारा माणूस गेला, आणि दहा दिवसांनी त्याचे सहकारी प्रेस्टनच्या मैदानात उतरले. क्लबने त्याचा २० हा क्रमांक कायमचा निवृत्त केला हे योग्यच झाले. या मुलांच्या फॉर्मची चिकित्सा करताना निदान पहिले दोन महिने आपण सबुरी ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बडोदेकर, सध्या हाँगकाँग

मिलानविरुद्धच्या सामन्याला काई ताक मैदानावर मी प्रत्यक्ष होतो. पडद्यावर चेंडू दिसतो. मैदानात बसले की चेंडूपासून दूर असलेले लोक दिसतात, म्हणून लिहितो. आपला हल्ला सुरू होताच दोन्ही बाजूंचे फुलबॅक (कडेचे बचावपटू) एकाच वेळी वर जात होते आणि मागे मधले दोघे उघडे पडत होते. पहिला गोल मिलानच्या लेआवने प्रतिहल्ल्यातून केला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या मिलानच्या चाहत्याने पास निघण्याआधीच हात वर केले होते, इतके ते रान मोकळे दिसत होते. त्याच सामन्यात विर्ट्झ दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत पाठ करून उभा राहतो, मान वळवून मागे पाहतो आणि एका स्पर्शात वळतो, हेही मी पाहिले. तसा खेळाडू गेल्या वर्षी आपल्याकडे नव्हता. चार दिवसांनी योकोहामात त्याने गोल केला आणि सोळा वर्षांच्या रिओ न्गुमोहानेही केला, त्याचा आनंद आहेच.

तरीही माझे मत हाँगकाँगवरच ठरते. केर्केझ आणि फ्रिम्पाँग या दोन्ही फुलबॅकना एकदम मोकळे सोडणे परवडणार नाही. एक वर गेला की दुसऱ्याने थांबावे, किंवा मधल्या फळीतल्या ग्राव्हेनबेर्खने मागे येऊन तिसरा बचावपटू व्हावे. १५ ऑगस्ट २०२५ ला पहिला सामना बोर्नमथशी आहे, केर्केझच्या जुन्या क्लबशी, आणि त्याच्या पाठीमागची जागा त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? प्रशिक्षक स्लॉट यांनी तोवर ही जागा बुजवली तर आपण पहिल्या दोघांत राहू असे मला वाटते. नाही बुजवली तर चौथ्या क्रमांकासाठीही झगडावे लागेल.