एच-इंडेक्स मोठा तो संशोधक, बाकीचे समाजसेवक?

रानभाजी:
एका बालरोग प्राध्यापकांच्या सत्काराच्या पोस्टखाली काल कुणीतरी लिहिलं, "सरांचा एच-इंडेक्स बघा, याला म्हणतात संशोधक. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग थोरच, पण ती समाजसेवा." एच-इंडेक्स २० म्हणजे माणसाचे २० पेपर इतरांनी प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत केलेत; अशी प्रत्येक नोंद म्हणजे सायटेशन. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

लॅन्सेट हे नामांकित वैद्यकीय नियतकालिक, डिसेंबर १९९९, बंगांचा पेपर. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी. जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा त्यांनीच द्यायचं. तुलनेला ४७ गावं. हजारी ६२ बाळं महिन्याच्या आत दगावायची, तिसऱ्या वर्षी आकडा २५ वर आला. २०११ पासून देशभर आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत बाळंतिणीकडे ज्या सहा-सात फेऱ्या मारतात, त्यांचं मूळ हे. बाळाचं वजन करताना ती कुठल्या रकान्यात सायटेशन नोंदवते, सांगा बरं?

आणि दिलीप महालनोबिस? तेही बालरोगतज्ज्ञच. १९७१, पश्चिम बंगालमधल्या बनगावची निर्वासितांची छावणी, कॉलरा, सलाईन संपत आलेलं. मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यू ३० टक्क्यांवरून ३.६ वर आणले. पेपर १९७३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल जर्नलात आला. आज ओआरएसचं पाकीट लिहून देताना तो पेपर कोण आठवतं? शोध अंगवळणी पडला की शोधकर्त्याचं नाव गळून पडतं.

आकडेमोड:
भावना पोचल्या. पण सायटेशनला नावं ठेवायची आणि लॅन्सेटची पाटी मात्र सगळ्यात आधी लावायची, ही काय गंमत? तिथे छापून आला म्हणूनच तो पेपर दिल्लीत आणि जिनिव्हात वाचला गेला. २००९ मध्ये डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने नवजात बाळांच्या गृहभेटींवर संयुक्त निवेदन काढलं, ते काय भाषणं ऐकून?

दुसरं. गडचिरोलीतली गावं रँडमाइज केलेली, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली, नव्हती. बांगलादेशात सिल्हेटला रँडमाइज्ड चाचणी झाली, तिथे घट ३४ टक्के निघाली. गडचिरोलीची होती, तुलनेच्या गावांशी ताडून, ६२ टक्के. हा फरक कळला कारण लोकांनी एकमेकांचे पेपर वाचले, तपासले, उद्धृत केले. पुण्याई मोजायचं यंत्र नाहीये ते.

रानभाजी:
३४ टक्के म्हणजे काय किरकोळ वाटले का साहेब? त्या घरांत जाऊन सांगा.

आकडेमोड:
आलात ना भावनेवर.

वॉर्ड नंबर ७:
मेडिकल कॉलेजात आहे, म्हणून बोलतो. आमच्याकडे पेपर कोण वाचतं? प्रमोशनसाठी लागतात म्हणून होतात. माझ्या थिसिसवर पेपर निघाला, त्यात पहिलं नाव एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं. त्यांनी डेटाची फाइल कधी उघडून पाहिली नव्हती. मासिक असं की पैसे भरले आणि आठवड्यात 'रिव्ह्यू' होऊन छापून हातात. याच पेपरांवर सत्कार होतात.

सासवडकर:
एचओडीचं नाव फुकट येत नसतं. एथिक्स कमिटीपुढे उत्तरं कोण देतं? पोरं कॉपी-पेस्ट करून आणतात ते रात्री बसून कोण दुरुस्त करतं? २२ वर्षं गाइड आहे मी. एकाने तर टेबलं दुसऱ्याच्या थिसिसमधून उचलली होती, शीर्षकातलं गावसुद्धा बदललं नव्हतं.

वॉर्ड नंबर ७:
म्हणजे तुम्हीच ते! मग पहिलं नाव कशाला, आभारात टाका की. एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रात्री दोनला व्हेंटिलेटरजवळ कोण उभं होतं?

सासवडकर:
तोंड सांभाळून. तुमच्या वयाचे असताना आम्हीही उभे होतो, तेव्हा व्हेंटिलेटरसुद्धा नव्हते.

आकडेमोड:
धागा बंगांवर होता, आठवण म्हणून सांगतो. बरं, एक मान्य. जगभरच्या आजारांची मोजदाद करणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारख्या पेपरांत शेकडो लेखक असतात आणि एका झटक्यात प्रत्येकाच्या खात्यात ढिगाने सायटेशन जमा होतात. तिथे एच-इंडेक्स फसतो. झालं समाधान? पेढे वाटा.

रानभाजी:
पेढे आशाताईंना द्या.

चंद्रपूरची लेक:
त्यांचं नाव निघालंच आहे तर ऐका. माझी वहिनी आशा आहे. एका बाळाच्या सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की २५० रुपये, आणि तेही महिनोन्‌महिने थकतात. गेल्या पावसाळ्यात नाल्याला पाणी होतं, दीर खांद्यावर वजनकाटा घेऊन तिच्यासोबत गेला. बाळ गार पडलं होतं. तिने आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून पांघरलं, गाडी येईपर्यंत हलली नाही. पोरगं आता रांगतंय. लॅन्सेट कशाशी खातात तिला माहीत नाही. तुमचं चालू द्या.

आकडेमोड:
ताई, आदर आहेच. पण छातीशी धरायचं हे वहिनींना प्रशिक्षणात शिकवलं, आणि ते प्रशिक्षणात आलं कारण कुणीतरी आधी मोजून लिहिलं होतं.

चंद्रपूरची लेक:
असेल. मग मोजणाऱ्यांनी थकलेले पैसेही मोजावेत.

सासवडकर:
@वॉर्ड नंबर ७, ते पैसे घेऊन छापणारं मासिक कुठलं? हिंमत असेल तर नाव लिहा इथे.

वॉर्ड नंबर ७:
पुढच्या महिन्यात प्रमोशनची मुलाखत आहे सर. नंतर विचारा.