फायटर, बलून मोली, पॅरट: कोणती पैदास करावी, कोणती सोडून द्यावी?

काचघर

घरच्या आठ-दहा टाक्यांत फायटर (बेट्टा) आणि मोली-प्लॅटी हे शोभेचे मासे वाढवून जवळच्या दुकानाला द्यायचे, एवढाच व्याप आहे. दुकानदाराची मागणी ठरलेली: डबल टेल (दोन भागांच्या शेपटीचा), रोजटेल, ड्रॅगन हे फायटरचे वाण, बलून मोली आणि "काहीतरी वेगळं". साधा प्लाकाट (आखूड शेपटीचा फायटर) किंवा साधी मोली नेली की भाव पाडून मागतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. निवडून पैदास करणं सरसकट वाईट म्हटलं तर गोल्डफिशपासून सगळंच बंद करावं लागेल. मग रेघ ओढायची कुठे? दुसरं म्हणजे संकर. एंडलर आणि गप्पी, प्लॅटी आणि स्वोर्डटेल एका टाकीत ठेवले की पिल्लं होतातच. ती विकली तर बिघडलं कुठे?

"निसर्गाच्या विरुद्ध आहे" हे उत्तर कृपया नको. काचेची टाकी तरी कुठे निसर्गात असते! कोणत्या जोड्या लावायच्या आणि कोणत्या टाळायच्या, असं सांगितलंत तर उपयोग होईल.

शेपूटपुराण

फायटरपुरतं सांगतो. मासा कसा दिसतो ते बाजूला ठेवा आणि त्याला चार कामं जमतात का बघा: पोहत पृष्ठभागावर येणं, दोन्ही डोळ्यांनी अन्न शोधणं, तोंड पूर्ण मिटणं, आणि माणसाने हात न लावता वीण होणं. फायटरच्या बाबतीत पहिलं काम सगळ्यात मोठं, कारण त्याला वर येऊन हवा घ्यावीच लागते. शेपटीच्या ओझ्याने तो तळाशी पडून राहायला लागला, तर प्रश्न थेट श्वासाचा झाला.

डबल टेलचं जनुक अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसतं. दोन डबल टेल एकत्र लावले की सगळी पिल्लं डबल टेल निघतात, म्हणून नवखे हटकून तेच करतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं की धड आखूड होतं, कणा वाकतो, पोटाखालचे पर अर्धवट येतात किंवा येतच नाहीत. त्याऐवजी एक डबल टेल आणि दुसरा हे जनुक बाळगणारा सिंगल टेल घ्या. निम्मी पिल्लं डबल टेल, निम्मी वाहक. वाहकाची खूण म्हणजे पाठीचा पर, जो बुंध्याशी नेहमीपेक्षा रुंद असतो. निम्मा माल "साधा" निघतो खरा, पण पुढच्या पिढीचा सरळ कणा त्याच निम्म्यातून येतो.

रोजटेल म्हणजे हाफमूनच्या (अर्धचंद्रासारखी उघडणाऱ्या) शेपटीतल्या काड्यांना प्रमाणाबाहेर फुटलेले फाटे. रोजटेल × रोजटेल कधीही लावू नका. जोडीदार कमी फाट्यांचा, लांब धडाचा, सरळ पाठीचा घ्या: सुपर डेल्टा (शेपटी हाफमूनपेक्षा थोडी कमी उघडणारा) किंवा हाफमून प्लाकाट. नर स्वतःचीच शेपटी कुरतडत असेल तर आधी अमोनिया, तापमान आणि फिल्टरचा झोत तपासा. ते सगळं ठीक असेल तर बहुतेक वेळा शेपटीचं वजन हेच कारण असतं, आणि अशा नराला पैदाशीत घेऊ नये.

ड्रॅगनचा घोटाळा उशिरा कळतो. ते जाड, धातूसारखे चकाकणारे खवले वयानुसार डोळ्यावर चढतात आणि मासा आंधळा होतो. चार महिन्यांच्या नराचा डोळा स्वच्छ दिसतो, त्यावर विसंबून जोडी लावली की दोष पुढच्या शेकडो पिल्लांत जातो. सात-आठ महिने थांबा. मग एक ब्लडवर्म (खाद्याची लाल अळी) डाव्या बाजूने सोडा, थोड्या वेळाने दुसरा उजव्या बाजूने. एकाच बाजूला वळत असेल तर बाद. जोडीदार शक्यतो ड्रॅगन नसलेला घ्या.

आणि बरण्यांचा हिशेब, जो या चर्चांत कोणी मांडत नाही. एका विणीत शंभर ते तीनशे अंडी सहज असतात. 150 पिल्लं जगली तर साधारण 75 नर. आठव्या-दहाव्या आठवड्यापासून ते एकमेकांना फाडतात, म्हणजे 75 बरण्या. दोन लिटरची बरणी आणि दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदलायचं तर खेपेला 75 लिटर. टँकरवर भागवणाऱ्या गावात एप्रिल-मे महिन्यांत हे जमणार आहे का? नसेल तर वीण झाल्यावर, अंडी फुटायच्या आत, घरट्यातली निम्मी-पाऊण अंडी काढून टाका. सुंदर जोडी लावून पिल्लं पेल्यात कोंबणारा, साधे प्लाकाट नीट वाढवणाऱ्यापेक्षा जास्त क्रूर आहे असं माझं स्पष्ट मत.

पाणकावळा

वरच्याला +१. संकराचं मी सांगतो.

प्लॅटी-स्वोर्डटेल हे उदाहरण तर कॅन्सरच्या अभ्यासात गाजलेलं आहे. मायरन गॉर्डन आणि कुर्ट कोसविग यांनी 1920 च्या दशकात या संकरांवर काम केलं. काही प्लॅटींमध्ये मोठे काळे डाग असतात. त्या रंगपेशींसोबत एक ट्यूमर घडवणारं जनुक येतं आणि प्लॅटीतलंच दुसरं जनुक त्याला लगाम घालतं. स्वोर्डटेलमध्ये ही जोडी नसते. पहिल्या पिढीच्या संकरात लगाम अर्धा उरतो, डाग फक्त मोठे आणि गडद होतात, आणि लोक म्हणतात वा, काय काळा रंग आला! आता त्याच पिल्लाला पुन्हा शुद्ध स्वोर्डटेल लावा. साधारण चौथा हिस्सा पिल्लांत ट्यूमरचं जनुक येतं पण लगाम येत नाही, आणि त्यांना घातक मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) होतो. डाग खवल्यांच्या पातळीवरून वर उचलला जातो, परात शिरतो, शेपटीचा बुंधा कुरतडल्यासारखा दिसतो.

दुकानातले बहुतेक प्लॅटी आणि स्वोर्डटेल आधीच कितीतरी पिढ्यांचे मिश्र आहेत, त्यामुळे "शुद्ध ठेवा" म्हणण्यात फारसा अर्थ नाही. नियम एवढाच ठेवा: मोठ्या काळ्या डागांचा मासा स्वोर्डटेलशी लावायचा नाही, आणि ज्या वाणात डाग वयानुसार फुगत जातो तो वाण तिथेच थांबवायचा. लाल, पिवळे, बिनडागी घ्या.

लायरटेल (शेपटीची दोन्ही टोकं लांबलेला) स्वोर्डटेलही याच पंगतीतला. नराचं गोनोपोडियम (फलनासाठी वापरायचा पर) इतकं लांबतं की त्याला सहसा फलनच जमत नाही. लायरटेल मादीला साधा नर लावा, निम्मी पिल्लं लायरटेल मिळतात.

एंडलरचा प्रश्न वेगळा. एंडलर-गप्पी संकर धडधाकट असतात, माशाला काही त्रास नाही. नुकसान वाणाचं होतं. एंडलर व्हेनेझुएलातल्या कुमाना भागातला, आणि 2005 मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं. जगभरच्या टाक्यांत गप्पीचं रक्त एकदा शिरलं की ते परत गाळता येत नाही. म्हणून हौशी लोक तीन वर्ग पाळतात: मूळ ठिकाणापासूनची नोंद असलेला एन, दिसायला तसाच पण नोंद नसलेला पी, आणि माहीत असलेला संकर के. आपल्याकडच्या दुकानातला एंडलर फार तर पी समजा. के विकण्यात पाप नाही, के ला एन म्हणून विकणं ही फसवणूक. वेगळं ठेवायचं तर पिल्लं तीन-चार आठवड्यांची असतानाच नर-मादी अलग करा, कारण मादी एकदा मिळालेले शुक्राणू कित्येक महिने साठवते. नंतर नर काढून काही साधत नाही.

पीकॉक (आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे रंगीत मासे) ठेवणाऱ्यांनाही हेच. तिथल्या माद्या दिसायला जवळपास सारख्या राखाडी. दोन जातींचे पीकॉक एका टाकीत असतील तर त्या टाकीतली पिल्लं जातीच्या नावाने विकू नका.

खाडीकाठ

फ्लॉवरहॉर्नला (डोक्यावर टेंगूळ असलेला मोठा मासा) सगळे झोडपतात म्हणून थोडी वकिली करतो. तोही 1990 च्या दशकात मलेशियात घडवलेला संकरच. पण चांगल्या वाणाचा मासा सरळ पोहतो, तोंड मिटतो, कडक दाणा फोडतो. त्याच्यावर खरे आक्षेप दोन: एक, मुद्दाम कणा आखडवलेले "शॉर्ट बॉडी" नमुने, दुसरा, तो फूटभर वाढतो, एकट्याला अडीचशे लिटर तरी लागतात, आणि "लकी" म्हणून आणलेला मासा मोठा झाला की तळ्यात जातो. मलेशिया-सिंगापूरच्या जलाशयांत तो असाच पोचला. आपल्या उजनी धरणातला सकर मासाही तिथे कोणी मुद्दाम पाळायला सोडला नव्हता.

ब्लड पॅरटची वकिली मात्र मी करणार नाही. 1980 च्या दशकात तैवानमध्ये तयार झालेला हा मासा मिडास आणि रेडहेड सिक्लिडचा संकर मानला जातो. तोंड म्हणजे उभी चीर, धड मिटत नाही. तो घशातल्या दातांनी खातो. कणा आणि वाताशय (तरंगायला लागणारी हवेची पिशवी) यांतही दोष असतात. नर बहुतेक वांझ, त्यामुळे मादीने घातलेली अंडी पांढरी पडून बुरशी धरतात. शेपूटपुराणांच्या चार कसोट्यांपैकी तीन इथेच गळाल्या. आधीच घरात असेल तर मऊ, बुडणारे, लहान दाणे द्या, आणि तोंड मोठं असलेले सिक्लिड सोबत ठेवू नका, अन्न त्याच्यापर्यंत पोचत नाही.

"हार्ट पॅरट" म्हणून मिळतो त्याची शेपटी लहानपणीच कापलेली असते. ग्लास फिशला सुईने रंग टोचतात, तो काही महिन्यांत उतरतो. याला पैदास म्हणतच नाहीत, हा अंगच्छेद. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, मासाही त्यात आला. चमकणारे ग्लो टेट्रा जनुकीय फेरफार केलेले असतात, त्यांना अशा जीवांवरच्या 1989 च्या नियमांखाली परवानगी लागते. दुकानदार "सगळीकडे मिळतो" म्हणेल, तरी पैदास करू नका.

काचघर

सगळ्यांचे आभार. बलून मोली राहिली. आणि जोड्या कितीही नीट लावल्या तरी वाकडी पिल्लं निघतातच, त्यांचं काय करायचं?

कल्लेवाला

बलून मोलीचं पोट गोल दिसतं कारण कणा वाकलेला आहे. आतडी, वाताशय, गर्भ, सगळं आखूड पोकळीत कोंबलेलं. बद्धकोष्ठ, तोल जाणं, मादी पिल्लं देताना अडकून मरणं, हे त्या आकारातूनच येतं, पाणी बदलून सुटत नाही. इथे दोषच वाणाचं नाव आहे, त्यामुळे सुधारायला जागा नाही. बंद करा आणि साध्या मोलीत रंग किंवा सेलफिनचा उंच पर यांवर मेहनत घ्या.

वाकड्या पिल्लांबद्दल. आठव्या दिवशी सगळी वाकडी दिसतात म्हणून घाई करू नका. पोट खाली लोंबून पिल्लू तळाशी सरपटत असेल तर वाताशय भरलेलं नसतं, आणि सतत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जिवंत जीव) चारल्यानेही असं होतं. दिवसाआड मायक्रोवर्म (बारीक कृमी) देऊन आठवडाभर बघा. कणा वाकडा, तोंड उघडं राहिलेलं, कल्ल्याचं झाकण नसलेलं, एवढ्यांचाच निर्णय घ्यायचा. जे खातं-पोहतं आणि फक्त रंगाला कमी आहे, ते छाटायचं नाही, स्वस्तात द्यायचं.

मारावंच लागलं तर लवंग तेल. एक लिटर टाकीचंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्या. छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि दोन थेंब तेल दुधासारखं होईपर्यंत हलवा, कारण नुसतं तेल वर तरंगतं आणि मासा तडफडतो. हे घातल्यावर मासा काही मिनिटांत आडवा होतो. मग तसेच हलवून आणखी दहा थेंब. कल्ले थांबल्यावर निदान अर्धा तास तसाच ठेवा. फायटर हवाही घेतो, त्याला जास्त वेळ द्या. फ्रीजरमध्ये जिवंत ठेवणं, संडासात सोडणं, विहिरीत किंवा विसर्जनाच्या तळ्यात टाकणं, यातलं काहीही नको. लवंग तेलाने मेलेला मासा दुसऱ्या माशाला खायलाही घालू नका, पुरून टाका.

शेपूटपुराण

दुकानदाराला पिशवीवर चिठ्ठी लावून द्या: वाण, आई-बापाचे वाण, वीण झाल्याची तारीख, संकर असेल तर तसं. दुकानदार निम्म्या भावात मागतो त्या साध्या प्लाकाटच्या पिशवीवर, तो खरंच वाहक असेल तर, "डबल टेल वाहक" लिहिलं तर पैदास करणारं गिऱ्हाईक त्याला बरा भाव देतं.