गूगल ड्राइव्ह, टेलिग्राम बंद केल्याने माहितीची चोरी थांबते का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

ऑफिसात 'क्लाउडच्या सगळ्या साइट उद्यापासून बंद' असं फर्मान निघालं की मला काळजीच वाटते, कारण त्यानंतर लॉग, म्हणजे संगणकांवर काय घडलं त्याच्या नोंदी, बघायचे कुणी कष्ट घेत नाही.

माहिती चोरणारे आता स्वतःचा सर्व्हर उभा करायच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. तुमच्या-आमच्या रोजच्या वापरातल्या सेवाच ते वापरतात. २०१५ साली फायरआय कंपनीने 'हॅमरटॉस' या हेरगिरीच्या प्रोग्रामचा अहवाल काढला. तो चालवणारा एपीटी२९ हा गट रशियाशी जोडला जातो. प्रोग्राम ट्विटरवरून पुढचा पत्ता घ्यायचा, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या चित्रात दडवलेला हुकूम वाचायचा आणि चोरलेल्या फाइली साध्या क्लाउड स्टोरेजवर चढवायचा. ऑफिसच्या नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलला दिसणार काय, तर कुणीतरी ट्विटर बघतंय. ऑगस्ट २०२१मध्ये काँटी या खंडणीखोर टोळीतल्याच एका नाराज माणसाने त्यांच्या कामाच्या सूचना बाहेर फोडल्या. त्यात आरक्लोन हे बॅकअपसाठी जगभर वापरलं जाणारं मोफत साधन 'मेगा' या क्लाउड स्टोरेजच्या खात्याला कसं जोडायचं, हे पायरीपायरीने लिहिलेलं होतं.

कंपनीचं ड्राइव्ह आणि चोराचं ड्राइव्ह, दोन्हीचा पत्ता एकच. म्हणून साइटच्या नावावर बंदी घालून भागत नाही. खातं कुणाचं आणि फाइल चढवणारा प्रोग्राम कोणता, हे बघायला हवं.

कृष्णाकाठचा बँकवाला

साफ असहमत. मी एका छोट्या सहकारी बँकेचं आयटी बघतो. आयटी म्हणजे मी आणि हाताखाली एक मुलगा. काउंटरवरच्या क्लार्कला टेलिग्राम कशाला लागतं? मजकूर चिकटवून ठेवायची ती पेस्टबिन साइट कशाला? बंद म्हणजे बंद. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. ठेवतो आम्ही. पण रोज ते वाचणार कोण? बंदी रात्री दोन वाजताही काम करते, मी करत नाही.

मुळाकाठ

काउंटरपुरतं तुमचं खरं आहे. जे लागतच नाही ते बंदच असावं. पण यादी कुठवर वाढवणार? आज टेलिग्रामचा बॉट (आपोआप चालणारं खातं), उद्या डिस्कॉर्डचा वेबहूक (प्रोग्रामने थेट संदेश टाकायचा पत्ता), परवा आणखी काही. आणि तुमचा स्वतःचा मेल ज्या कंपनीच्या क्लाउडवर आहे, ती कशी बंद करणार? चोर तिथेच खातं उघडेल.

सीमा_सॉफ्टवेअर

'खातं कुणाचं ते बघा' हे लिहायला सोपं आहे. ते बघायला कंपन्या एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधली कुलूपबंद रहदारी, मधेच उघडतात. म्हणजे प्रत्येक लॅपटॉपवर कंपनीचं प्रमाणपत्र बसवायचं आणि सगळी रहदारी प्रॉक्सी या मधल्या सर्व्हरवर उलगडून वाचायची. जेवणाच्या सुट्टीत मी आईचे रक्ताचे रिपोर्ट उघडले, तर तेही तिथे उघडे पडणार. चोर पकडायच्या नावाखाली शेकडो प्रामाणिक माणसांची झडती घ्यायला माझा ठाम विरोध आहे. शिवाय एवढं करूनही कुणी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला तर काय करणार?

मुळाकाठ

सीमाताई, फोटोला माझ्याकडे उत्तर नाही. पण खातं तपासायला सगळी रहदारी उघडावीच लागते असं नाही. क्रोमला ऑफिसच्या धोरणातून 'अलाउड डोमेन्स फॉर ॲप्स' ही सेटिंग देता येते. मग ब्राउझर स्वतःच गूगलला सांगतो की इथे फक्त अमुक डोमेनची (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची) खाती चालतील. खासगी जीमेलने ड्राइव्ह उघडायला गेलं की गूगलच अडवतं. मधे कुणी काही वाचत नाही.

आरक्लोन अर्थातच क्रोममधून जात नाही. त्यासाठी संगणकावरच लक्ष ठेवावं लागतं. संगणकावर काय चालतं त्याची नोंद ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन मोफत आहे. चोर आरक्लोनच्या फाइलचं नाव बदलून 'एसव्हीसीहोस्ट' ठेवतात, विंडोजचाच भाग वाटावा म्हणून. पण प्रोग्राम सुरू झाल्याची नोंद उघडली की वर्णनात 'आरसिंक फॉर क्लाउड स्टोरेज' असं बरेचदा तसंच राहिलेलं असतं, आणि कमांडमध्ये 'कॉपी', 'ट्रान्सफर्स' हे शब्द दिसतात. खऱ्या एसव्हीसीहोस्टच्या कमांडमध्ये हे कधीच नसतं. एवढ्या एका गोष्टीवर इशारा लावला, तर बँकवाल्यांना रोज लॉग वाचत बसायला नको.

घाटमाथा

तुम्ही तिघं दाराबद्दलच भांडताय. २०२३मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत चिकटवल्याचं उघड झालं, आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. तिथे ना आरक्लोन, ना मोठा अपलोड. काम लवकर उरकावं म्हणून चार ओळी कॉपी-पेस्ट. तुमचा कुठला इशारा वाजला असता?

मला वेगळाच प्रश्न पडतो. क्लार्कच्या स्क्रीनवर सगळ्या खातेदारांची यादी एक्सेलमध्ये काढायचं बटण असतंच कशाला? एका वेळी एक खातं दिसलं की त्याचं काम होतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. निदान त्या धाकाने तरी ही बटणं काढा.

सीमा_सॉफ्टवेअर

घाटमाथा, १००% सहमत. आणि लोकांना मोठी फाइल पाठवायची अधिकृत, सुटसुटीत सोय द्या. ती नसली की माणूस व्हॉट्सॲप वेबकडेच वळतो. मुळाकाठ, क्रोमची सेटिंग मला मान्य. सिसमॉन बसवणार असाल तर त्यात काय नोंदलं जातं, हे कर्मचाऱ्यांना आधी लेखी सांगा.

मुळाकाठ

लेखी सांगायलाच हवं. बँकवाले, तुम्हाला बंदीच हवी असेल तर सर्व्हरपासून सुरू करा. क्लार्कचं टेलिग्राम बंद आणि डेटाबेसच्या सर्व्हरला मात्र बाहेर कुठेही जायची मुभा, असं बऱ्याच ठिकाणी असतं. खंडणीखोर टोळ्यांना तेच हवं असतं. अपडेट आणि बॅकअपचे ठरावीक पत्ते तेवढे मोकळे ठेवा, बाकी सगळं बंद. आधी काही दिवस नुसती नोंद घ्या, म्हणजे काय अडकेल ते कळेल.

कृष्णाकाठचा बँकवाला

आमचा सर्व्हर बाहेर कुठे कुठे जातो हे व्हेंडरलाच विचारावं लागेल. पत्त्यांची यादी मागतो उद्या. एक्सेलच्या बटणाचाही विषय काढतो, तिथे शाखाधिकारी कुरकुर करणार हे नक्की. काउंटरवरची बंदी मात्र मी उठवणार नाही.