गोविंदा पथकाच्या सरावाला १३ वर्षांच्या मुलाला पाठवावे का?

प्रश्न (एक पालक, परळ):
आमच्या चाळीतील पथकाचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू झाला आहे. अंगाने हलका आणि चढायला चपळ म्हणून माझ्या १३ वर्षांच्या मुलाला सर्वांत वरच्या थरासाठी निवडले आहे. दहीहंडीच्या दिवशी त्याला चढवणार नाही, केवळ सरावापुरता घेतो, असे पथकातील मंडळी सांगतात. मी स्वतः याच पथकात खालच्या थराला उभा राहिलेला असल्यामुळे सरसकट मनाई करणे जिवावर येते. आपले मत काय?

उत्तर १:
२०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना आणि २० फुटांपेक्षा उंच थरांना मनाई केली होती. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये उंचीचे बंधन उरले नाही. वयाची अट मात्र १४ वर्षांवर आली. उत्सवाच्या दिवशी जे मूल चढणार नाही, त्याला महिनाभर त्याच जागेसाठी तयार कशाला करायचे, हे मला उमगलेले नाही.

उत्तर २ (माजी प्रशिक्षक, ठाणे):
वरील मताशी सहमत आहे, आणि अनुभवाने आणखी एक गोष्ट सांगतो. उत्सवाच्या दिवशी आयोजक, पोलीस, कॅमेरे आणि रुग्णवाहिका असल्यामुळे सारे जण सावध असतात. सरावात, रात्री अकराला, दमलेल्या मुलांकडून ‘शेवटचा एकदाच’ म्हणून थर लावून घेतला जातो, तेव्हा कमरेचा पट्टा आणि वरून सोडलेला दोर असतोच असे नाही. दोर असला तरी तो धरणारा माणूस अनुभवी हवा, कारण थर कोसळताना दोर ताणलेला नसेल तर तो असून नसल्यासारखाच. त्याखेरीज हेल्मेट, खाली जाड गाद्या आणि पडलेल्याची मान न हलवता त्याला उचलता येणारे दोघे तरी हवेत. शासनाने २०२२ पासून विम्याचे कवच दिले आहे, परंतु विमा पडल्यानंतरचा असतो. सराव थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, एवढे विचारून पाहा. उत्तर द्यायला सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तर मुलाला घरी घेऊन या.

प्रश्नकर्ता:
काल विचारले. तिघांनी तीन नावे सांगितली. मुलगा यंदा ढोल वाजवणार आहे. रुसला आहे, पण जेवला.