मदत हवी आहे: ओढण्याची क्षमता पुरते, पण पेलोडचं (ट्रकवर एकूण किती वजन लादता येतं, त्याचं) काय?

आमच्या पिकअप ट्रकची ओढण्याची क्षमता 7,500 पाउंड आहे. पसंत पडलेला कॅम्पिंग ट्रेलर रिकामा 5,200, सामान भरून जास्तीत जास्त 6,800. विक्रेता म्हणतो, बिनधास्त घ्या. त्याला काय, विकायचाच आहे! पण ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर (ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायच्या जागेवर) येतो, म्हणजे 680 ते 1,020 पाउंड, आणि तो ट्रकच्या पेलोडमध्येच धरावा लागतो. दारापाशी लावलेल्या स्टिकरवर पेलोड 1,350 आहे. माणसं, कुत्रा, सामान मिळून 650 तरी होतील. उरले 700.

हिशेब भरलेल्या वजनावरच करायचा ना? आणि वजन विभागणारा हिच लावला तर पेलोडची मर्यादा वाढते, की नुसता भार पुढच्या चाकांकडे सरकतो? असे ट्रेलर ओढणाऱ्यांनी कृपया सांगा. की सरळ हलका ट्रेलर बघू?