‘शेलची एलएस’ म्हणावं का?

प्रश्न : एलएस ही फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणारी कमांड. बॅश, झेडशेल, पॉवरशेल हे शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारे प्रोग्राम. ‘बॅशची एलएस’, ‘झेडशेलची एलएस’, ‘पॉवरशेलची एलएस’ असे प्रयोग सर्रास वाचायला मिळतात. ही कमांड खरंच शेलगणिक बदलते का? ‘बिल्टइन’ आणि ‘एलियस’ला मराठीत काय लिहावं?

उत्तर : बिल्टइनला, म्हणजे शेलच्या आतच असलेल्या कमांडला ‘अंगभूत’; एलियसला, म्हणजे कमांडला दिलेल्या दुसऱ्या नावाला ‘टोपणनाव’. दोन्ही शब्द सहज कळतात.

बॅश किंवा झेडशेलच्या बाबतीत मात्र ‘शेलची एलएस’ हा प्रयोग टाळाच. युनिक्सकडे (लिनक्स, मॅक वगैरे) एलएस हा स्वतंत्र प्रोग्राम आहे आणि एका मशीनवर दोन्ही शेल सहसा तोच चालवतात. ‘टाइप एलएस’ देऊन बघा: एकतर प्रोग्रामचा पत्ता मिळेल, नाहीतर रंगांसाठी ठेवलेलं टोपणनाव.

वेगळेपण येतं ते * मुळे, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’ या खुणेमुळे. त्याचा विस्तार शेल करतो, एलएसच्या हाती थेट फाइलींची नावं पडतात. फोल्डरमध्ये एकही .टीएक्सटी फाइल नसताना ‘एलएस *.टीएक्सटी’ दिलं, तर बॅश तो नमुना आहे तसा पुढे ढकलतो आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही तक्रार एलएस करते. झेडशेल ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणून तिथेच अडतो, एलएस सुरूही होत नाही. फिश हा आणखी एक शेल, तोही अडतो. संदेशाच्या सुरुवातीला कोणाचं नाव आहे ते आधी वाचा.

सगळ्यात फसवा प्रकार बॅशमधल्या ‘नलग्लॉब’ या पर्यायाचा. तो चालू असेल आणि काहीच जुळलं नाही, तर नमुना गळून पडतो, उरते नुसती ‘एलएस’, आणि ती अख्ख्या फोल्डरची यादी देते. स्क्रिप्टमध्ये हे घातक आहे.

फक्त फोल्डरांची नावं हवी असतील तर ‘एलएस -डी */’ बॅश आणि झेडशेल दोन्हीकडे चालतं. ‘-डी’ विसरलात तर प्रत्येक फोल्डरच्या आतला माल बाहेर येतो.

पुरवणी : विंडोजच्या सीएमडी या शेलमध्ये यादी देणारी ‘डिर’ ही कमांड अंगभूत आहे आणि * चा अर्थ शेल आधी लावून देत नाही, तो डिरच्या वाट्याला येतो. म्हणून ‘डिर *.*’ बिंदू नसलेली नावंही दाखवते. बॅशमध्ये *.* ला नावात बिंदू लागतोच.

‘पॉवरशेलची एलएस’ हा प्रयोग विंडोजवर चालेल, कारण तिथे एलएस आणि डिर ही दोन्ही पॉवरशेलच्या ‘गेट-चाइल्डआयटम’ या कमांडची टोपणनावं आहेत. म्हणूनच युनिक्सच्या सवयीने दिलेल्या ‘एलएस -एलए’ला (लपलेल्यांसकट सविस्तर यादी) ‘असा पॅरामीटर नाही’ हे उत्तर येतं; लपलेल्या फाइलींसाठी ‘-फोर्स’ द्यावं लागतं. लिनक्सवरच्या पॉवरशेलमध्ये एलएस हे टोपणनाव ठेवलेलंच नाही, तिथे मूळ प्रोग्राम चालतो.

प्रश्न : मग ‘लपलेली फाइल’ हा शब्द युनिक्स आणि विंडोज दोन्हीकडे सारख्याच अर्थाने वापरता येईल?

उत्तर : नाही. युनिक्सकडे नाव बिंदूने सुरू झालं की फाइल लपली. विंडोजवर त्यासाठी फाइलीला ‘हिडन’ हा गुणधर्म लावावा लागतो. त्यामुळे ‘.गिटइग्नोर’ नावाची फाइल साध्या एलएसला दिसत नाही, पण सीएमडीच्या डिरमध्ये उघड दिसते. लेखात पहिल्या प्रकाराला ‘बिंदूफाइल’ लिहावं, म्हणजे घोळ होत नाही. सगळं बघायला युनिक्सकडे ‘एलएस -ए’, सीएमडीत ‘डिर /ए’.